शाळेला प्रमुख असतो, पण प्रमुखाची शाळा कोठे?

(ताथवडे परिसरातील विनाअनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांसमोर दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



२००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत ताथवडे हे मुळशी तालुक्यातील एक गाव होते. शेती, पशुसंवर्धन खात्याचे प्रक्षेत्र आणि ग्रामदैवताचा उत्सव एवढेच त्याचे विश्व. एका पिढीच्या आत शेजारी हिंजवडी वसली, महामार्गालगत महाविद्यालये उभी राहिली, उसाच्या शेतांत बारा-बारा मजल्यांच्या इमारती आल्या. त्यांच्यामागोमाग आपल्या शाळा आल्या. इमारत दोन वर्षांत बांधून होते, बस विकत घेता येते, फलक रातोरात लागतो. मुख्याध्यापक मात्र असा तयार होत नाही. आजचा माझा विषय एवढाच आहे.

येथून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांकडे पाहा. यंत्रावर हात ठेवण्यापूर्वी तरुणाने उमेदवारी करावी, अशी तेथील रीत आहे. त्यासाठी १९६१ पासून देशात शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र कायदा आहे. लोखंडाचा एक तुकडा बिघडू नये म्हणून आपण इतकी काळजी घेतो. हजार मुलांच्या शाळेची धुरा ज्याच्या खांद्यावर द्यायची, त्याच्यासाठी काय करतो? महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची १९८१ ची नियमावली माध्यमिक शाळेच्या प्रमुखाकडून पदवी, अध्यापनाची पदवी आणि अध्यापनाचा पाच वर्षांचा अनुभव मागते. अट योग्यच आहे. परंतु ती उत्तम शिक्षकाची अट आहे. काल सायंकाळपर्यंत जो गणित शिकवत होता, तो आज सकाळी अंदाजपत्रक, न्यायालयाची नोटीस, पालकांचा संताप आणि शिक्षकांचे रुसवे यांच्यासमोर उभा ठाकतो. मध्ये एका रात्रीखेरीज काहीही नसते.

हे ओझे दिवसेंदिवस वाढत आहे, हे आपणास माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. शुल्क विनियमनाच्या २०११ च्या कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचे अध्यक्षपद शाळेच्या प्रमुखाकडे दिले. म्हणजे शुल्कवाढीचा प्रस्ताव संस्थेचा आणि तो ज्या समितीपुढे यायचा तिचा अध्यक्ष संस्थेचाच नोकर! या खुर्चीत बसून दोन्ही बाजूंशी प्रामाणिक कसे राहावे, हे अध्यापन पदविकेच्या कोणत्या तासाला शिकवले जाते?

शिक्षण हक्क कायद्यातील पंचवीस टक्के प्रवेशांचे तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, जवळपास शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना या जबाबदारीतून सूट देऊ केली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्दबातल ठरवला. न्यायालयाच्या आदेशाने मूल वर्गात येते, पण त्याला त्या वर्गाचे होता यावे ही गोष्ट आदेशाने होत नाही. बांधकाम मजुराची मुलगी आणि संगणक अभियंत्याची मुलगी एका बाकावर बसल्या, की सहलीच्या वर्गणीपासून वाढदिवसाच्या चॉकलेटपर्यंत शंभर प्रसंगी प्रमुखाची परीक्षा होते. समरसता हा शब्द व्यासपीठावर उच्चारणे सोपे, शाळेच्या डब्याच्या सुट्टीत तो आचरणे कठीण. याच महानगरात, चिंचवडगावात, पद्मश्री गिरीश प्रभुणे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुनरुत्थान समरसता गुरुकुलम पारधी व अन्य भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांना घडवत आहे. आपल्यापैकी किती जणांनी तेथे जाऊन एक दिवस नुसते पाहण्यात घालवला आहे?

आणि सर्वांत गंभीर प्रश्न मुलांच्या सुरक्षेचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे जे घडले, त्याने महाराष्ट्राची मान खाली गेली. तेथे अत्याचाराची माहिती वेळीच पोलिसांना दिली नाही म्हणून शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदवला गेला. २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार अशी माहिती कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास त्याला शिक्षेची तरतूद आहे. संस्थेची अब्रू आणि बालकाचे हित यांत क्षणभर विरोध दिसला, तर कोणती बाजू घ्यायची, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे लागते. नेतृत्वाचे प्रशिक्षण म्हणजे हीच आधीची तयारी होय.

आपल्याकडे याची परंपरा नाही, असे कोणी समजू नये. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, तेव्हा लोकमान्य टिळक तेवीस वर्षांचे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या मागे उभे राहिलेले हे तरुण स्वतःच शिकवत, स्वतःच हिशेब ठेवत, स्वतःच संस्था चालवत. १८८४ च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षक हेच आजीव सदस्य, म्हणजे एका अर्थाने संस्थेचे धनी होते. शाळेची धुरा वाहिलेले वामन शिवराम आपटे १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. प्रशासनाच्या त्याच धबडग्यात त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश सिद्ध होऊन १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. तेथे मतभेद नव्हते असे नाही. १८९० मध्ये टिळकांनी सोसायटी सोडली. तरीही प्राचार्य संस्थेतूनच उभा राहिला, कारण पुढचा माणूस आधीच्या माणसाशेजारी बसून, वाद घालून, चुका पाहून शिकत होता. त्याला वेगळ्या शिबिराची गरज भासली नाही.

आज ही रचना उरलेली नाही. विश्वस्त वेगळे, प्रमुख वेगळा, तोही पुष्कळदा तीन वर्षांच्या करारावरचा. म्हणून जे पूर्वी सहवासातून मिळत असे, ते आता योजनापूर्वक द्यावे लागेल.

इंग्लंडने तसा प्रयत्न केला. मुख्याध्यापकपदासाठी १९९७ मध्ये तेथे राष्ट्रीय व्यावसायिक अर्हता सुरू झाली, २००९ मध्ये ती सरकारी शाळांतील नव्या मुख्याध्यापकांना सक्तीची झाली आणि २०१२ मध्ये ती सक्ती उठवण्यात आली. यातून मी एवढाच बोध घेतो, की प्रमाणपत्राची सक्ती करता येते, दृष्टीची नाही. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळाप्रमुखांकडून वर्षाला किमान पन्नास तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा केली आहे. त्यात नेतृत्व, व्यवस्थापन आणि अध्यापन हे तिन्ही विषय येतात. हे पन्नास तास पडद्यावर चित्रफीत सुरू ठेवून आणि बाजूला सह्या उरकत पूर्ण करायचे, की त्यांतून माणूस घडवायचा, हे आपल्या हाती आहे.

काय करता येईल? चार गोष्टी सुचवतो. पहिली, उपमुख्याध्यापकाला पद देण्यापूर्वी किमान एक वर्ष उमेदवारी द्यावी. विश्वस्तांच्या बैठकीत, अंदाजपत्रकात आणि पालकांच्या तक्रारींत त्याला शेजारी बसवावे. दुसरी, ताथवडे, वाकड, पुनावळे येथील दहा शाळाप्रमुखांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या शाळेत जमावे. भाषणे नकोत. यजमानाने आपला एक अवघड प्रसंग मांडावा, इतरांनी प्रश्न विचारावेत आणि ऐकलेले तेथेच ठेवावे. तिसरी, प्रमुखाने आठवड्यातून दोन तास तरी स्वतः वर्गावर शिकवावे. खडू सुटला की मुले सुटतात. चौथी, वर्षातून एकदा कायदा आणि हिशेब यांची जाणकारांकडून उजळणी करावी.

संस्थाचालक म्हणतील, "आम्ही खर्च करून माणूस तयार करायचा आणि त्याने वाढीव पगारावर शेजारच्या शाळेत जायचे!" ही भीती खोटी नाही. पण तयार न केलेला माणूस जन्मभर आपल्याकडेच राहिला, तर काय होईल, याचाही हिशेब मांडावा. शेजारच्या शाळेत गेलेला चांगला मुख्याध्यापक याच वस्तीतल्या मुलांच्या कामी येतो. शाळांमध्ये स्पर्धा आहे, हे मान्य. मुले मात्र समाजाची आहेत.

आणि प्रमुखांना एक विनंती. जाहिरातीच्या फलकावर हसरी मुले आणि निकालाचे आकडे असतात. तेथे आपले नाव नसते, ते नसणेच बरे. ज्या दिवशी आपण रजेवर असताना शाळा नेहमीसारखी चालेल, चुकलेल्या मुलाला शिपाईसुद्धा आपुलकीने समजावेल आणि घाबरलेली मुलगी निःशंकपणे एखाद्या शिक्षिकेचा हात धरून बोलू लागेल, त्या दिवशी आपले नेतृत्व सिद्ध झाले असे समजावे. त्यासाठीच्या दहा जणांच्या पहिल्या बैठकीचा दिवस आजच, उठण्यापूर्वी ठरवावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.