राघूचा घास



पगार, पाळी आणि महागाईभत्ता हे आमचे नेहमीचे विषय. तेव्हा आजच्या फलकावर ‘राघूचा घास’ हे नाव वाचून काहींना गंमत वाटली असेल. युनियनचा माणूस पोपटावर काय बोलणार? आमची शाळा लवकर सुटली; पुढचे शिकणे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. रोग कोणता हे विचारावे, आणि त्याबरोबर तो कोणाच्या वाट्याला येतो हेही विचारावे, एवढे आम्ही त्या फाटकावर शिकलो. तोच प्रश्न आज पोपटाच्या पिंजऱ्यापाशी विचारावयाचा आहे.

दृश्य आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. घरधनी ओठांत शेंगदाणा धरतो, खांद्यावरचा राघू मान वळवतो आणि अलगद दाणा उचलतो. पाहणारे वाहवा करतात. कोणी पेरूची फोड राघूपुढे धरतो आणि त्याने चोच मारून सोडलेला भाग प्रेमाने आपल्या तोंडात घालतो. पोपटाने उष्टावलेला पेरू गोड असतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पोपट पिकलेले फळ निवडतो, म्हणून ते गोड लागते. त्याच्या चोचीने त्यात साखर पडत नाही. पडलेच तर दुसरे काही पडते.

आपल्या समाजाने उष्ट्याचा केवढा बाऊ केला! किती घरांत मोलकरणीची कपबशी आजही वेगळी ठेवलेली असते. ती माणसासारखी माणूस, पण तिचे उष्टे चालत नाही. त्याच घरात राघूला मात्र मालकाच्या ओठांतला दाणा चालतो. शिवाशिवीचे शास्त्र आणि आरोग्याचे शास्त्र ही दोन वेगळी आहेत, याचा याहून सोपा पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

आता आरोग्याचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांना एका जंतूची बाधा होते. त्याचे नाव क्लॅमिडिया सिटॅसी. त्यापासून माणसाला जो आजार होतो त्याला सिटॅकोसिस म्हणतात. आपण पोपटज्वर म्हणू. पक्ष्याच्या विष्ठेतून, तसेच डोळ्या-नाकाच्या स्रावातून हा जंतू बाहेर पडतो. बाधा झाल्यापासून बहुधा पाच ते चौदा दिवसांत माणसाला थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, अंग दुखते, कोरडा खोकला लागतो आणि पुढे फुप्फुसाचा दाह होतो. चोचीला तोंड लावल्याने हा जंतू येऊ शकतो. शिवाय साल्मोनेलासारखे पोट बिघडविणारे जंतूही त्याच वाटेने येतात. पक्षी धडधाकट दिसतो म्हणून तो निर्दोष आहे असे मानू नये. वरून निरोगी दिसणारा पक्षीही मधूनमधून हे जंतू टाकीत असतो.

आणि हा व्यवहार एकतर्फी नाही. आपल्या तोंडात जे जंतू सुखाने नांदतात, त्यांतले काही पोपटाच्या देहाला सोसत नाहीत. पोपट आपला घास उलटून पिलाच्या किंवा जोडीदाराच्या चोचीत घालतो, ती त्याच्या जातीची रीत आहे. माणसाची लाळ त्या रीतीत बसत नाही. चहात बुडविलेले बिस्किट, चॉकलेट, खारे फरसाण हे तर त्याला प्रत्यक्ष अपायकारकच. म्हणजे प्रेमाचा घास दोघांनाही बाधतो.

या रोगाचा इतिहास उद्बोधक आहे. १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये उस्टर या गावी याकोब रिटर या वैद्याने एकाच घरातील सात रुग्णांची नोंद केली. त्यांतले तिघे दगावले. संशय घरातल्या पिंजऱ्यांकडे वळला. पुढे १८९२ मध्ये पॅरिसला दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांबरोबर साथ आली. पण जगाचे डोळे उघडले ते १९२९-३० मध्ये. आर्जेंटिनात साथ उमटली आणि पक्ष्यांच्या व्यापाराबरोबर ती जहाजांतून देशोदेशी गेली. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका गृहस्थाने नाताळची भेट म्हणून बायकोसाठी बाल्टिमोरच्या दुकानातून पोपट आणला. पोपट मेला, आणि घरातली तीन माणसे अंथरुणास खिळली. डॉक्टरांना निदान होईना. अखेर ‘पोपटाचा ताप’ असे काही वर्तमानपत्रात वाचल्याची आठवण डॉक्टरांच्या पत्नीने दिली, असे सांगतात.

सुरुवातीला लोक हसले. पोपटाने माणूस आजारी पडतो ही थट्टाच वाटली. परंतु मे १९३० पर्यंत एकट्या अमेरिकेत १६९ रुग्ण झाले आणि त्यांतले ३३ मेले. राष्ट्राध्यक्ष हूवर यांना २४ जानेवारी १९३० रोजी पोपटांच्या आयातीवर बंदी घालणारा हुकूम काढावा लागला.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत डॉ. चार्ल्स आर्मस्ट्राँग या रोगाचा शोध घेत होते. तळघरात आजारी पोपट ठेवलेले होते. तेथे पिंजऱ्यांची निगा राखणारा त्यांचा मदतनीस हेन्री अँडरसन हा फेब्रुवारीत मरण पावला. स्वतः आर्मस्ट्राँग आजारी पडून वाचले. त्यानंतर त्या इमारतीतली अशी माणसेही आजारी पडली, की ज्यांनी पोपटांच्या खोलीत पाऊलही टाकले नव्हते. त्यांनी कोणी राघूला ओठांतून दाणा दिला नव्हता. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ हवेतून त्यांच्या श्वासात गेली होती.

मंडळी, आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती ही न्या. तोंडाला तोंड लावणे घातक आहे, ते सोडाच; पण बहुतेकांना हा रोग होतो तो धुळीतून. आणि ही धूळ कोण खातो? दाणा भरवणारा हौशी मालक थोडी खातो. सकाळी कोरड्या केरसुणीने पिंजरा झाडणारी बाई, पक्ष्यांच्या दुकानात दिवसभर पिंजरे खरवडणारा पोऱ्या, कोंबड्यांची आतडी काढणारा मजूर हे अधिक खातात. २०१८ साली अमेरिकेत व्हर्जिनिया आणि जॉर्जिया या राज्यांत कोंबड्या कापण्याच्या कारखान्यांतून हाच आजार कामगारांत उद्भवला, आणि रोगी झाले ते बहुतांशी आतडी काढण्याच्या खात्यातले. २०२३-२४ मध्ये युरोपातील काही देशांत रुग्ण वाढले व पाचजण दगावले, असे जागतिक आरोग्य संघटनेने कळविले. म्हणजे ही गोष्ट जुन्या काळात संपलेली नाही.

ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ बर्नेट यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की रानातल्या पोपटांतही हा जंतू असतो. पण मोकळ्या रानात तो बहुधा दबून राहतो. पक्षी पकडून दाटीवाटीने, घाणीत, उन्हावाचून कोंडले की तो उसळतो. चाळीच्या एका खोलीत दहा-दहा माणसे राहिली की क्षय का फोफावतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्या रानातला हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितले पाहिजे. तरी ढोलीतली पिले काढून गोणपाटाखाली झाकून विकली जातात. या चोरट्या धंद्यात दाटी अधिक, घाण अधिक, आणि तपासणी तर नाहीच. त्यात आणखी एक अडचण अशी, की चोरून पाळलेला पक्षी डॉक्टरांपासूनही लपविला जातो.

आणि लपविणे हेच येथे सर्वांत महाग पडते. या तापावर औषध आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे वेळेवर मिळाली की रोगी बहुधा बरा होतो. पेनिसिलीनच्या जातीची नेहमीची औषधे मात्र यावर नीट चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांना पक्ष्याची गोष्ट कळली पाहिजे. १७०० साली इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न त्यांनी घातला. तीनशे वर्षे झाली, तरी गर्दीच्या दवाखान्यात तो विचारायला वेळ नसतो. तेव्हा न विचारता आपणच सांगावे. घरी पक्षी आहे, मी दुसऱ्याच्या घरचा पिंजरा झाडते, मी कोंबड्यांच्या दुकानात आहे, हे एक वाक्य कधी कधी माणसाचा जीव वाचवील.

बाकीचे नियम साधे आहेत. दाणा हातावर किंवा वाटीत द्यावा; ओठांत धरू नये. पक्ष्याचे उष्टे आपण खाऊ नये, आपले त्याला देऊ नये. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. तो आधी पाण्याने भिजवावा, मगच पुसावा. कोरडा झाडू नये. हात साबणाने धुवावेत. पक्षी पिसे फुलवून मरगळून बसला, त्याचे डोळे-नाक वाहू लागले, तर पशुवैद्याला दाखवावा. आणि हे काम तुमच्या घरी दुसरे कोणी करीत असेल, तर तिला नुसता हुकूम देऊ नका. तोंडावर बांधण्याचे चांगले साधन द्या, हातमोजे द्या आणि कारणही सांगा. कारण कळले म्हणजे माणूस स्वतःला जपतो.

पक्ष्यावर प्रेम करू नका असे सांगायला आम्ही आलो नाही. माणसाच्या संगतीत राघू बोलायला शिकतो, एवढा तो जवळचा आहे. परंतु प्रेम ओठांवर दाखवण्याची गरज नाही. स्वच्छ पिंजरा आणि ताजे पाणी एवढ्यानेही ते पोचते. उद्या सकाळी तुमच्या घरचा पिंजरा कोण झाडतो, तेवढे एकदा उभे राहून पाहा. हातात कोरडी केरसुणी असेल तर ती काढून घ्या आणि पाण्याची बादली पुढे करा. आमच्या व्याख्यानाचे तेवढेच फळ आम्हांस पुरे आहे.