वर्गात आलेली सैरबीन

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत एक सैरबीनवाला येत असे. पत्र्याची रंगवलेली पेटी, तिला ओळीने चार वाटोळी भोके, भोकांत भिंगे. पैसे देऊन डोळा लावला, की आत दिल्लीचा कुतुबमिनार, आग्र्याचा ताजमहाल, मुंबईची राणीची बाग अशी चित्रे एकामागून एक सरकत. चित्रे तशी सामान्यच, काहींचे रंगही उडालेले. पण तो गृहस्थ पेटीची कळ फिरवता फिरवता अखंड बोलत असे. कुठे पाहायचे, काय पाहायचे, पुढे काय येणार, सारे सुरावर सांगत असे. एका वर्षी त्याचा घसा बसला होता. पेटी तीच, चित्रेही तीच. पण आम्ही पोरे तिसऱ्या चित्रालाच कंटाळलो आणि पाळण्याकडे पळालो.

हे आज आठवण्याचे कारण असे, की दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातही एक सैरबीन आली. ही तिवईवर ठेवायची नाही, डोळ्यांवर बांधायची. तिला आभासी वास्तवाचा चष्मा म्हणतात. मी इतिहास शिकवतो. खडू आणि फळा यांच्यापलीकडे यंत्रांशी माझा संबंध बेताचाच. तेव्हा या विषयावर मी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ही वस्तू वर्गात प्रत्यक्ष वापरल्यावर माझे जे बरेवाईट मत झाले आहे, ते तुमच्यापुढे, आणि तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांच्यापुढे विशेषेकरून, ठेवावेसे वाटते.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. एक डोळा मिटून जवळच्या खांबाकडे पाहा, मग दुसरा मिटून पाहा. खांब किंचित सरकल्यासारखा वाटेल. दोन डोळ्यांना दोन निरनिराळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांची सांगड घालून खोली ताडतो. चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ साली आरशांच्या साह्याने हे दाखवून दिले, तेही फोटोग्राफीची वार्ता जगाला कळण्याच्या आधी, हाताने काढलेल्या आकृत्यांवर! चष्म्यात दोन डोळ्यांपुढे दोन चित्रे असतात ती याच तत्त्वावर. दुसरी करामत अशी, की तुम्ही मान वळवली की आतले दृश्यही वळते. १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे यंत्र डोक्यावर बसवून दाखवले, तेव्हा ते इतके अवजड होते की छतापासून टांगावे लागे. आणि आत दिसे काय, तर तारांच्या सांगाड्यासारख्या साध्या रेघांच्या आकृत्या. आज तेच काम अर्धा किलोचा चष्मा करतो. मात्र मानेच्या आणि दृश्याच्या हालचालीत थोडे जरी अंतर पडले, तर डोळे एक सांगतात आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच, आणि माणसाला मळमळू लागते. माझ्या वर्गातल्या दोघांना लागली. तेव्हा न जेवता किंवा फार जेवून कोणी चष्मा लावू नये, आणि उभ्याने तर मुळीच लावू नये, बरं का.

शाळांना ही वस्तू अगदी नवी आहे असेही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतली कीस्टोन व्ह्यू कंपनी जोडचित्रांचे मोठमोठे संच शाळांना विकत असे, सोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शनाचे पुस्तकही. १९१३ मध्ये एडिसनसाहेबांनी भाकीत केले, की चलच्चित्रांमुळे शाळांतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि दहा वर्षांत शिक्षणपद्धती पार पालटेल. पुस्तके अजून आहेत, हे पुस्तिका हातात धरलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

मला आपल्याकडचे उदाहरण अधिक आवडते. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याच्या आधी, १९१२ च्या सुमारास, दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून त्याच्या वाढीची चित्रे थोडीथोडी करून घेतली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत घडताना दिसली. साध्या डोळ्यांना जे दिसूच शकत नाही, त्यासाठी त्यांनी यंत्र वापरले. वर्गात चष्मा कशासाठी काढावा आणि कशासाठी कपाटात ठेवावा, याची कसोटी मी या वाटाण्यापासून घेतली. पण ती घेण्याआधी एकदा तोंडघशी पडलो, ते सांगितले पाहिजे.

पहिल्या वर्षी मी प्राचीन रोमची तयार सहल वर्गाला दाखवायचे ठरवले. वर्गात साठ मुले, चष्मा एक. प्रत्येकाला पाच मिनिटे म्हटली तर पाच तास झाले, आणि आमचा तास पंचेचाळीस मिनिटांचा! म्हणजे एका तासात नऊ जण, तेही चष्मा पुसायला वेळ लागत नाही असे धरून. बाकीचे एकावन्न जण काय करीत होते ते तुम्ही जाणताच. आठवडाभराने सर्वांचे पाहून झाले. मुले खूश, प्राचार्य खूश, मीही खूश. पुढल्या तासाला मी विचारले, “फोरमच्या चौकात उभे राहिल्यावर काय काय दिसलं?” थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, डोक्यावरून पक्षी गेले.” आणि खरोखरच बहुतेकांच्या ध्यानात तेवढेच राहिले होते.

पुढे वाचनात आले, की हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. २०१९ साली मक्रान्स्की, मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेचा एकच आभासी पाठ काही विद्यार्थ्यांनी साध्या संगणकाच्या पडद्यावर केला, काहींनी चष्मा लावून. चष्मेवाल्यांना आपण खरोखर तिथे आहोत असे अधिक वाटले. शिकले मात्र ते कमी. त्याआधी २०१८ मध्ये मेयर यांनी पारोंग या संशोधिकेबरोबर केलेल्या प्रयोगांतून मला उपयोगी पडणारी गोष्ट निघाली. त्यांनी चष्म्यातला पाठ तुकड्यातुकड्यांनी दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबून, पाहिले त्याचा सारांश विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतला. थांबणारे विद्यार्थी न थांबणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. आमच्या जत्रेतला तो बोलका गृहस्थ मला त्या वेळी आठवला.

दुसऱ्या वर्षी तयार सहली आणायच्या नाहीत असे ठरवले. त्यांचा भरवसाही नसतो. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी अशा सहलींची एक योजना सुरू केली होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. तिच्यावर धडे बेतणाऱ्यांनी मग काय करायचे? त्यापेक्षा आपली सहल आपणच तयार करावी. चहूबाजूंचे दृश्य एकदम टिपणारा छोटा कॅमेरा एका माजी विद्यार्थ्याकडून मिळाला. संरक्षित स्मारक म्हणून रीतसर अर्ज केला, परवानगी यायला वाट पाहावी लागली, आणि दिवाळीनंतर आम्ही मळवलीला उतरून लोहगडावर गेलो. २०२५ साली युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांतला हा एक.

अट एकच घातली होती. चित्रे फक्त आठ घ्यायची, आणि कॅमेरा कुठे उभा करायचा हे मुलांनी भांडून ठरवायचे. भांडण मोठे रंगले! गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वाटेत लागतात. एकाचे म्हणणे, प्रत्येक दरवाज्याचे समोरून एक चित्र घ्यावे. दुसरा म्हणाला, “समोरून कशाला? कॅमेरा दोन दरवाज्यांच्या मध्ये ठेव. मान मागे टाकली की वरचा बुरूज दिसला पाहिजे. हल्ला करणाऱ्याला तोच दिसत असणार.” नागमोडी वाट आणि तिच्यावर रोखलेले बुरूज ही गोष्ट मी फळ्यावर पंधरा वर्षे काढतो आहे. ती या मुलाला कॅमेऱ्याची जागा शोधताना कळली, चष्मा लावण्याच्या किती तरी आधी. एक चित्र विंचूकाट्यावर घेतले, आणि एक माथ्यावर, पूर्वेला विसापूर दिसतो तिथे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगतो आहे तिच्याकडे येतो. तृतीय वर्षाला माझी एक विद्यार्थिनी आहे. लहानपणच्या अपघातामुळे ती कुबड्या घेऊन चालते. गडाच्या सहलींच्या यादीत तिचे नाव दोन वर्षे होते. पण दोन्ही वेळा ती पायथ्याच्या लोहगडवाडीत बसून आमच्या पिशव्या सांभाळत राहिली. ‘येऊ नकोस’ असे मी तिला कधी म्हटले नाही, एवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली होती. इतिहासाच्या शिक्षकाला हे शोभत नाही.

तिला सर्वांच्या आधी चष्मा दिला. खुर्चीवर बसून ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मी मध्ये मध्ये थांबवून काय दिसते ते लिहायला सांगत होतो. माथ्यावरच्या चित्रापाशी तिने लिहिणे थांबवले आणि विचारले, “सर, हा समोरचा डोंगर आपल्यापेक्षा उंच आहे का?” विसापूर लोहगडापेक्षा सुमारे पन्नास मीटरने उंच आहे. “मग तो शत्रूच्या हाती गेला तर आपण इथे कसे टिकणार?”

मार्च १८१८ मध्ये नेमके तेच झाले. कर्नल प्रॉथरच्या फौजेने आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड टिकला नाही. हे वाक्य आमच्या पुस्तकात आहे, मुलांच्या वह्यांत आहे, परीक्षेतही येते. गडावर स्वतःच्या पायांनी जाऊन आलेल्या मुलांपैकी एकानेही मला तो प्रश्न विचारला नव्हता. ती तिथे उभी राहून चारी बाजूंना, घाई न करता, पाहत होती. बाकीच्यांचे अर्धे लक्ष छायाचित्रांत आणि डब्यांत होते. वाटाण्याच्या कसोटीला चष्मा त्या दिवशी उतरला.

पण तिचे समाधान एवढ्यावर झाले नाही. चष्मा काढून तिने वर्गाकडे पाहिले आणि विचारले, “पायऱ्या किती आहेत? दम कुठे लागतो?” चष्म्याला ते ठाऊक नव्हते. आमच्या आठ चित्रांत आठ ठिकाणे होती. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नुसती उडी. तोफेचे सामान घेऊन चढणाऱ्या माणसाला मधली वाट किती लांब वाटत असेल, ते त्यांत कुठेच नव्हते. मी मुलांकडे पाहिले. एकजण म्हणाला तीनशे असतील, दुसरा म्हणाला पाचशे. कोणीच मोजल्या नव्हत्या. मीही नाही, आणि मी तर तो गड सात-आठ वेळा चढलो आहे.

यंदा पाऊस उलगडला की दुसरी तुकडी जाणार आहे. कॅमेऱ्याच्या जागा तिनेच नकाशावर खुणा करून ठरवून दिल्या आहेत; आठाच्या अकरा झाल्या आहेत. पायऱ्या मोजायचे काम तिने दोघांना नेमून दिले आहे. एकट्याची मोजदाद दम लागल्यावर चुकते, असे तिचे म्हणणे आहे. त्यांतला एक मी आहे.