प्रतीक्षा कक्षातील चित्रांविषयी



वरूड येथील आपल्या प्रतीक्षा कक्षाच्या भिंती आदिवासी कलावंतांकडून रंगवून घेण्याचे आम्ही योजिले आहे. यामागे केवळ शोभेचा हेतू नाही. गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्रामात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना विचारून रुग्णालय उभारले. म्हणूनच तेथे टोलेजंग इमारतीऐवजी झोपड्यांची वस्ती आली व दवाखान्यास माँ दंतेश्वरीचे नाव लाभले.

आपल्याकडे सातपुड्यातून कोरकू व गोंड रुग्ण येतात. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांच्यामुळे जगभर पोहोचलेली वारली चित्रे काढून घेणे सोपे. परंतु ती ठाणे-पालघरकडची, मेळघाटच्या कोरकूंना परकीच. कोरकूंच्या सागवानी फळ्यांवरील कोरीव घोडेस्वार, चंद्र, सूर्य पाहून कोणासही मोह पडावा. मात्र त्या ‘मुंडा’ फळ्या मृतांच्या स्मरणार्थ उभारल्या जातात. तापाने फणफणलेले लेकरू घेऊन आलेल्या मातेसमोर दारातच ते चिन्ह? कल्पनाही करवत नाही!

सबब, काय चितारावे हे कोरकू व गोंड वडीलधाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी ठरवावे. कलावंतास योग्य मानधन मिळावे, भिंतीवर त्याचे नावही असावे. रंगसामग्रीआधी या मंडळींच्या बैठकीच्या प्रवासखर्चाची तरतूद आपण मंजूर करावी, ही नम्र विनंती.