गोळी खाल्ली म्हणून कर्करोग टळतो का?



आम्ही गावात आलो की कोणीतरी विचारतोच, "तंबाखू काही सुटत नाही बघा. पण ताकदीची गोळी चालू केली, तर कर्करोग टळेल ना?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज सांगतो.

गाजर, पिकला आंबा, पालेभाजी यांत बीटा-कॅरोटीन नावाचे द्रव्य असते. आपले शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते. भाज्या-फळे पुष्कळ खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे शास्त्रज्ञांना दिसले होते. त्यांना वाटले, हेच द्रव्य गोळीतून दिले तर?

युरोपात फिनलंड नावाचा देश आहे. तेथे १९८५ साली हा प्रयोग सुरू झाला. २९,१३३ पुरुष निवडले. सगळे ५० ते ६९ वर्षांचे. सगळे सिगारेट ओढणारे. निम्म्यांना या द्रव्याची गोळी रोज दिली. बाकीच्यांच्या गोळीत हे द्रव्य नव्हते. आपल्याला कोणती मिळते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. असे ५ ते ८ वर्षे चालले.

१९९४ साली निकाल आला. काय झाले असेल? हे द्रव्य घेणाऱ्यांत कर्करोग घटला नाही. उलट वाढला! जेथे १०० जणांना व्हायचा, तेथे ११८ जणांना झाला. अमेरिकेतही असाच प्रयोग चालू होता. तेथेही नुकसान दिसले. १९९६ साली त्या गोळ्या मध्येच बंद केल्या.

का हो असे? भाजीतून हे द्रव्य थोडे थोडे मिळते, आणि सोबत इतर पुष्कळ गोष्टी मिळतात. गोळीत ते एकटेच, आणि कितीतरी पट जास्त होते. शिवाय सिगारेट चालूच होती. धूर नको, तर आधी चूल विझवावी लागते.

गोळी वाईट असते, असे आम्ही म्हणत नाही. गरोदर बाईला दवाखान्यातून रक्तवाढीची गोळी देतात. ती तिने घ्यावीच. पण तंबाखूवर उतारा म्हणून कोणतीही गोळी नाही.

तेव्हा बिडी, गुटखा, मिसरी सोडू या. एकट्याने जमत नसेल, तर सरकारी दवाखान्यात विचारू या. तोंडात चट्टा पडला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच दाखवू या. आणि गोळीला घालायचे पैसे भाजीला घालू या.