प्रार्थनेतली तक्रार

मागच्या वेळी मी याच माइकसमोर बसून मुलांच्या कॉलेजच्या फीसाठी पैसे कसे बाजूला टाकायचे यावर बोलले होते. आजचा विषय अगदी वेगळा आहे. आवडला नाही तर आवाज थोडा बारीक करा, पण रेडिओ बंद करू नका.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, सव्वा वर्षापूर्वी माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला. वय सेहेचाळीस. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात अधू झाला, आणि बोलणं गेलं. याला अफेजिया म्हणतात. त्याला सगळं समजतं, पण शब्द सापडत नाही. पाणी हवं असतं, ग्लास समोर दिसत असतो, आणि तोंडातून 'पाणी' निघत नाही.

मी आयटीवाली. संकट आलं की मी एक्सेल उघडते. औषधांची शीट, थेरपीच्या वेळांची शीट, इन्शुरन्सनं किती भेटी मंजूर केल्या आणि किती उरल्या त्याची शीट. एक शीट त्याच्या शब्दांची. परत आलेला प्रत्येक शब्द मी तारखेसकट लिहून ठेवते. सध्या एक्केचाळीस आहेत. माझं नाव त्यात नाही.

आमचं घर नगरचं, ख्रिस्ती. लहानपणापासून रोज संध्याकाळी प्रार्थना. पण हे झाल्यापासून माझी प्रार्थना बंद पडली होती. चर्चमध्ये उभी राहायचे, ओठ हलवायचे, घरी यायचे. भेटणारी मंडळी प्रेमानं सांगायची, देव आपल्याला झेपेल तेवढंच देतो. मनात म्हणायचे, मग त्याचा अंदाज चुकलाय.

अशात चर्चमधल्या एका मैत्रिणीनं मला जवळजवळ उचलूनच महिलांच्या रिट्रीटला नेलं. रिट्रीट म्हणजे आपल्याकडचं शिबिर समजा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. पोकोनोच्या डोंगरातलं एक जुनं कॅम्प, बंक बेड, पातळ कॉफी, आणि पन्नाससाठ बायका. मराठी मी एकटी. दीर आणि जाऊबाई न्यू जर्सीहून येऊन घरी थांबले होते, तरी पहिल्या रात्री मी चार वेळा उठून फोनला रेंज शोधली.

खरं सांगते, मी शंका घेऊनच गेले होते. वाटलं, गिटार असेल, सगळ्या हसतमुख असतील आणि शेवटी 'सगळं चांगलंच होतं' ऐकून परत यायचं. गिटार होती. पण बोलायला आलेल्या बाई सत्तरीच्या, निवृत्त नर्स. मुलगा गमावलेल्या. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं की ते 'झेपेल तेवढंच' वाक्य बायबलमध्ये तसं नाहीच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायात जे आहे, ते मोहाबद्दल आहे, दुःखाबद्दल नाही. मी ताठ बसले.

मग त्यांनी स्तोत्रसंहिता उघडायला सांगितली. एकूण दीडशे स्तोत्रं, त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाची. देवाची स्तुती म्हणून जे पुस्तक आपण डोक्याशी ठेवतो, त्यात इतकी तक्रार भरलेली आहे! बहुतेक विलापांना एक चाल असते. आधी हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं, आणि शेवटी कुठेतरी विश्वासाचं वळण. तेराव्या स्तोत्रात तर माणूस सुरुवातीलाच चार वेळा एकच विचारतो, अजून किती दिवस? पण अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात ते वळण येतच नाही. ते अंधारातच संपतं. आणि तरीही कुणी ते पुस्तकातून काढलं नाही. बाई म्हणाल्या, ज्यानं हे लिहिलं त्यानं देवाशी बोलणं सोडलं नव्हतं, एवढंच यातून बघा.

हन्नाची गोष्ट मला पाठ होती, पण त्या दिवशी नव्यानं ऐकली. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी बाई शिलोच्या मंदिरात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजकाला वाटतं ही दारू पिऊन आलीय. ओठ हलतात आणि आवाज येत नाही. मी उठून बाहेर गेले.

दुपारी प्रत्येकीला एक कागद दिला. तासभर एकटीनं बसायचं आणि आपला विलाप लिहायचा. मी तळ्याकाठी बसले आणि सवयीनं इंग्रजीत लिहायला लागले. वाचून पाहिलं तर चक्क स्टेटस रिपोर्ट! सद्यस्थिती, अडचणी, अपेक्षित मदत. एमबीए केल्याचा असाही तोटा. खाली सही तेवढी करायची राहिली होती.

कागद उलटला आणि मराठीत सुरू केलं. मराठीत देवाला 'तू' म्हणता येतं, आईला म्हणतो तसं. त्याच्याशी भांडायची आपली पद्धत जुनीच आहे की. जनाबाईनं विठोबाला शिव्या दिल्या, तुकोबांनी काही कमी सुनावलं नाही. नगरला राहिलेल्या रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भजनं लिहिताना हीच वाट धरली. माझी पणजी दुष्काळातली पोर, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. 1905 साली तिथं शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या, ओरडायच्या. पणजी त्यातली एक. आजी सांगायची तेव्हा मला ते जरा गावंढळ वाटायचं. स्वतः रमाबाईंनी आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि म्हातारपणी एकुलती मुलगी, सगळे गमावले. फिलाडेल्फियाला त्या 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला आल्या होत्या. त्या गावावरून माझी रोजची गाडी जाते, आणि ही गोष्ट मला तळ्याकाठी आठवली.

मी काय लिहिलं ते थोडं सांगते. अफेजियात तोंडपाठ गोष्टी कधी कधी शाबूत राहतात. आकडे, गाणी, प्रार्थना. थेरपिस्टनं सुचवलं म्हणून आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणून पाहिली, आणि हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणाला. आमेन झालं आणि पुन्हा गप्प. सगळ्यांनी याला चमत्कार म्हटलं. मला मात्र भयंकर राग आला होता, आणि तो मी कुणालाच सांगितला नव्हता. कागदावर लिहिलं: तुझी प्रार्थना त्याच्या तोंडात ठेवलीस आणि माझं नाव काढून घेतलंस. तुला आधी तुझंच सुचलं. असं दीड पान. विश्वासाचं वळण आलं नाही. तास संपला.

संध्याकाळी ज्यांना वाटेल त्यांनी वाचायचं होतं. मी मराठीतच वाचलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही. शेजारच्या बाईनं माझा हात धरला, तो जेवणाची घंटा होईपर्यंत सोडला नाही.

रविवारी घरी पोचले. जाऊबाईंनी पिठलंभात करून ठेवला होता. जेवण झाल्यावर त्याला तो कागद वाचून दाखवला. दाखवावा की नाही, गाडीत दोन तास विचार केला होता. 'तुझंच सुचलं' या वाक्याला तो हसला. मोठ्यानं, पूर्वीसारखा. मग डाव्या हातानं कागद ओढून घेतला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "खरं."

बेचाळीसावा शब्द. शीटमध्ये तारीख टाकली. त्या रात्री आम्ही दोघांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यानं घडाघडा, मी मध्ये दोनदा अडखळत.