आजोबा, पुढचा वर्ग तुमचा



तालुक्याच्या कुठल्याही गावी ज्येष्ठ नागरिक संघाचा फळा पाहावा. महिन्याचे कार्यक्रम खडूने लिहिलेले असतात. पहिल्या आठवड्यात मधुमेहावर डॉक्टरांचं व्याख्यान, दुसऱ्यात गुडघेदुखी, तिसऱ्यात मृत्युपत्र कसं करावं, आणि चौथ्यात त्या महिन्यातल्या सभासदांचे वाढदिवस. व्याख्याते चांगले असतात, सभागृह भरतं, शेवटी चहा-बिस्किटं होतात. यात वाईट काहीच नाही. पण महिनाभरात त्या साठ-सत्तर माणसांनी स्वतः काय केलं, असं विचारलं तर उत्तर एवढंच येतं, की ती आली, बसली आणि त्यांनी ऐकलं.

त्यांच्यातल्या एकाची उभी हयात एसटीच्या आगारात इंजिनं उघडण्यात गेलेली असते. एक बाई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. किती बाळंतपणं केली याचा त्यांनी हिशेब ठेवलेला नाही. एक निवृत्त तलाठी असतात, त्यांना सातबारावरची प्रत्येक नोंद कशी वाचायची हे पाठ आहे. हे सगळं ज्ञान खुर्चीत बसून गुडघ्यांवरचं व्याख्यान ऐकत असतं. त्याला कोणी काही विचारत नाही. उतारवयात शिकण्याची सोय गावोगाव कशी करता येईल, आणि त्यात शिकवण्याचं काम ज्येष्ठांकडेच का द्यावं, याविषयी आज मी बोलणार आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेली माणसं एक कोटी दहा लाखांहून अधिक होती. दहा माणसांत जवळजवळ एक. त्यानंतर आयुर्मान वाढलं आहे आणि घरातली मुलांची संख्या घटली आहे. निवृत्तीनंतर वीस-वीस वर्षं हाताशी असतात. एवढ्या वेळात माणूस एखादी भाषा शिकेल, एखादं वाद्य शिकेल, आणि दुसऱ्याला शिकवूनही मोकळा होईल.

परदेशात या प्रश्नाची दोन उत्तरं निघाली, आणि ती दोन्ही आपल्याला उपयोगी आहेत. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात प्राध्यापक पियेर व्हेला यांनी ज्येष्ठांसाठी विद्यापीठ सुरू केलं. तिथे प्राध्यापक शिकवत आणि वयस्क मंडळी विद्यार्थी म्हणून येत. ही कल्पना १९८१च्या सुमारास इंग्लंडात केंब्रिजला पोहोचली. तिथे पीटर लॅस्लेट हे इतिहासकार होते, आणि त्यांच्यासोबत मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर. त्यांनी प्राध्यापकांची पद्धत बाजूला ठेवली. प्रत्येक गटात सभासदांपैकीच कोणी शिकवायचं, बाकीच्यांनी शिकायचं, आणि दुसऱ्या विषयाला या भूमिका उलट करायच्या. प्रवेशाला पात्रता लागत नाही, शेवटी परीक्षा नाही, पदवी नाही. असे हजाराच्या आसपास गट आज ब्रिटनमध्ये आहेत. कोणी निवृत्त भूगर्भतज्ज्ञ दगड ओळखायला शिकवतो, आणि पुढच्या तासाला तोच कुणा आजींकडून विणकाम शिकतो.

आपल्याकडे या दोन्ही पद्धती त्याआधीपासून आहेत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. तिच्यामागून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी आपापल्या व्याख्यानमाला उभ्या केल्या. एक विद्वान बोलतो आणि गाव ऐकतं, ही तुलूझची रीत. दुसरी रीत पाहायची असेल तर एकादशीच्या संध्याकाळी देवळात जावं. भजनी मंडळात नवा माणूस आला की त्याच्या हातात टाळ येतो. तो मागच्या ओळीत बसतो, चाल कानावर पडत राहते, चुकला तर शेजारचा कोपराने ढोसतो. वर्षा-दोन वर्षांनी त्याला एखादा अभंग पुढे होऊन म्हणायला सांगतात. पेटीवाल्याला तेव्हा आपल्यामागे कोणीतरी तयार व्हावं असं वाटू लागलेलं असतं, म्हणून तो त्यालाच बोटं कुठे ठेवायची ते दाखवतो. प्रवेश-अर्ज नाही, हजेरीपट नाही, आणि कोणी नुसतं बसून राहत नाही. टाळ तरी वाजवावाच लागतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की व्याख्यानमाला आपण भरपूर केल्या. आता संघांनी, वाचनालयांनी, सोसायट्यांनी भजनी मंडळाची रीत इतर विषयांना लावून पाहावी.

हे जमतं का, याचं एक उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आहे. फांगणे नावाचं लहानसं गाव. तिथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू केली. विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या, सुमारे तीस जणी. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. पाठीला दप्तर, त्यात पाटी आणि पेन्सिल. आता शाळेची वेळ पाहा: दुपारी दोन ते चार. सकाळची कामं उरकलेली, संध्याकाळचा स्वयंपाक अजून लांब. शाळेने बायकांच्या दिवसातली मोकळी जागा शोधली. बायकांना शाळेच्या वेळेसाठी दिवस मोडायला लावला नाही. घरचा अभ्यास नातवंडं घेत. ज्या नातीला शाळेत सोडायला आजी जाते, तीच संध्याकाळी आजीला मुळाक्षरं गिरवायला बसवते. ज्यांनी आयुष्यभर अंगठा उठवला त्या सही करू लागल्या. गुलाबी लुगड्यातले फोटो देशोदेशी गेले आणि फार गोड दिसले. पण बँकेच्या पावतीवर आपलं नाव आपल्या हाताने लिहिणं ही गोडव्याची गोष्ट नाही, हक्काची आहे.

आता याची दुसरी बाजू. ज्या पिढीतल्या बायकांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांच्याकडून शिकायला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ गावोगाव फिरले. जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून एक लाखाहून अधिक. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली, आणि त्यांबरोबर ओव्याही जाणार होत्या. त्या वाचल्या, कारण कोणीतरी आजीसमोर बसलं आणि म्हणालं, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. त्या संग्रहात ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. एकीकडे वाचायला शिकणारी आजी, दुसरीकडे शेकडो ओव्या मुखोद्गत असलेली आजी. या दोघी एकाच घरात, कित्येकदा एकाच देहात राहतात. आपली शिक्षणाची व्यवस्था त्यांतल्या पहिलीलाच ओळखते.

भजनी मंडळाची हीच रीत आता मोबाइलच्या बाबतीत लावून पाहू. आज ज्येष्ठांना सर्वांत जास्त गरज याच शिक्षणाची आहे, आणि याच विषयात घरचं शिकवणं सर्वांत वाईट आहे. आजोबा नातवाला म्हणतात, बाळा, हे वीजबिल कसं भरायचं? नातू म्हणतो, द्या इकडे. दोन मिनिटांत बिल भरलं जातं, फोन परत मिळतो, आणि आजोबांना काहीही कळलेलं नसतं. पुढच्या महिन्यात पुन्हा, द्या इकडे. यात प्रेम आहे, शिकवणं नाही. म्हणून संघात मोबाइलचा वर्ग घेतलात तर एकच शिस्त पाळा: शिकवणाऱ्याने हात मागे बांधायचे. फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहील, बोट त्याचंच चालेल, चुकलं तरी त्यानेच मागे यायचं.

आणि एका दिवशी एकच काम शिकवा. एका आठवड्यात हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या निवृत्तांना तो दर नोव्हेंबरात द्यावा लागतो. जीवन प्रमाण ही ऑनलाइन सोय २०१४ सालीच आली, आणि आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला निघतो. दुसऱ्या आठवड्यात परगावच्या लेकीला व्हिडिओ कॉल. तिसऱ्यात फसवणूक. पोलिसांच्या गणवेशातला माणूस व्हिडिओवर येतो, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे म्हणतो, तेव्हा काय करायचं? फोन बंद करायचा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचं. हे व्याख्यानात ऐकून भागत नाही. वर्गात एकाने तोतया पोलीस व्हावं, दुसऱ्याने त्याच्याशी बोलून पाहावं. हसणं होतं, आणि धडा लक्षात राहतो.

असे वर्ग भरवायला जागा कुठून आणायची? नवी इमारत लागत नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचं जाळं पसरलं. आज ती अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी सकाळी वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची गर्दी असते आणि दुपारी सगळं सुनं असतं. त्या दुपारी मागून घ्या. फक्त जागा निवडताना चार गोष्टी आधी पाहा. जिन्याला कठडा आहे का? स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का? पंख्याच्या आवाजात बोलणं ऐकू येतं का? आणि खुर्च्या गोलात मांडता येतात का? कमी ऐकू येणारा माणूस मागच्या रांगेत बसला की हळूहळू यायचंच बंद करतो, आणि आपण समजतो की त्याला रस नाही. गोलात सगळ्यांची तोंडं दिसतात. ओठ पाहूनही निम्मं कळतं.

लांबच्या गावाहून येणाऱ्यांसाठी एसटी आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टीपुढे निम्मं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सर्वच वयाच्या बायकांना निम्मं तिकीट. ही सवलत देवदर्शनाला भरपूर वापरली गेली. तिच्यावर वाचनालयातही यावं.

ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांनाही वाटा मोकळ्या आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांना पदवी देतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना नातीसोबत आजीही बसू शकते. ज्यांची अक्षरओळखच राहिली, त्यांच्यासाठी उल्लास हा साक्षरता कार्यक्रम आहे. त्याची चाचणी दीडशे गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. त्यात शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि त्यांना मानधन नसतं. निवृत्त शिक्षकांनो, खडू खाली ठेवून फार दिवस झाले असतील तर ही जागा तुमची आहे.

आता अडचणींबद्दल. सर्वांत मोठी अडचण पैशाची नसते. गटात एक निवृत्त अधिकारी असतात आणि त्यांना गट म्हणजे आपलं जुनं कार्यालय वाटतं. एक गृहस्थ पाच मिनिटं बोलायला उभे राहतात आणि तासाने बसतात. अध्यक्षपदाची निवडणूक एवढी चुरशीची होते की हरलेली मंडळी शेजारच्या गल्लीत दुसरा संघ काढतात. यावर उपाय सोपे आहेत. गट दहा-बारा जणांचा ठेवा. अध्यक्ष नेमू नका. ज्याचा त्या दिवशीचा वर्ग, तोच त्या दिवसाचा प्रमुख. टेबलावर घड्याळ ठेवा. आणि बायकांची वेळ बायकांनाच ठरवू द्या. सकाळी साडेसहाला बागेत जमायचं, हे पुरुषांना सोयीचं असतं. त्या वेळी घरात नातवाचा डबा भरला जात असतो आणि तो कोण भरतं हे सांगायला नको. पुष्कळ संघांत बायका कमी का दिसतात, याचं कारण त्या डब्यात आहे.

कोणी म्हणेल, या वयात हे कशासाठी? स्मरणशक्ती वाढेल, आजार लांब राहतील, अशी आश्वासनं मी देणार नाही. ते डॉक्टरांचं काम. सत्तरीच्या माणसाला मंगळवारी तीन वाजता सातबारा शिकवायचा आहे, म्हणून तो सोमवारी रात्री जुनी टिपणं काढून बसतो, एवढं मला पुरेसं वाटतं. त्याची वाट पाहणारी दहा माणसं असतात. तो आला नाही तर वर्ग भरत नाही. निवृत्तीने नेमकी हीच गोष्ट त्याच्याकडून काढून घेतलेली असते.

तेव्हा संघाच्या पुढच्या सभेत एक कोरा कागद फिरवा. त्यावर दोन रकाने आखा: मला काय शिकवता येईल, आणि मला काय शिकायचं आहे. पहिला रकाना भरताना बहुतेक जण म्हणतील, छे, मला काय येतंय! त्यांना सोडू नका. शेजारच्याला विचारा, त्याला ठाऊक असतं. कुणी लोणचं मुरवण्याची खूण सांगेल, कुणी मोडी वाचून दाखवेल, कुणी सायकलचं पंक्चर काढायला शिकवेल. रकाने भरले की फळ्यावरचा पुढच्या महिन्याचा कार्यक्रम त्यातूनच लिहा. मधुमेहाचे डॉक्टर त्याच्या पुढच्या महिन्यात आले तरी चालतील.