फोन परत गेला, हप्ता मात्र चालूच

(तेरखेडा, ता. वाशी येथे महिला बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्राहक हक्क म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रेशनचं दुकान येतं, गोडेतेलातली भेसळ येते, मापात मारणारा वाणी येतो. साहजिकच आहे. १९७२ साली मुंबईत मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्या महागाईविरुद्ध लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हापासून ग्राहकाचा प्रश्न हा बाईचा प्रश्न आहे हे आपण मानत आलो. पण आज मी तेलातुपाबद्दल बोलणार नाही. तुमच्या मांडीवर, पदराखाली जो फोन आहे, त्याच्याबद्दल बोलणार आहे. तो घेणं फार सोपं झालंय. घेतलेला व्यवहार मोडायचा कसा, हे मात्र कोणी सांगत नाही.

तेरखेडा हे फटाक्यांचं गाव. दिवाळीच्या आधी इथे हाताला काम असतं, चार पैसे गाठीला येतात. ऑनलाइन विक्रीचे मोठे सेलही नेमके त्याच दिवसांत लागतात. आता समजा, आपल्यातल्याच एकीने बारा हजारांचा फोन घेतला. रोख नाही, हजाराचे बारा हप्ते. ओटीपी आला, पुतण्याने तो टाकला, चार दिवसांत फोन घरी. फोन तापायला लागला, बॅटरी टिकेना. तिने मुदतीत परत पाठवला. पोरगा येऊन खोकं घेऊन गेला. विषय संपला असं तिला वाटलं. पुढच्या महिन्यात खात्यातून हजार रुपये गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. त्याच खात्यात लाडकी बहीणचे पंधराशे जमा होत असतील, तर हप्त्याने आधी हात घातला तो त्यांच्यावर.

असं का झालं? कारण तिने बोट एकदाच दाबलं, पण करार तीन झाले. पहिला विकणाऱ्याशी, वस्तूचा. दुसरा वित्त कंपनीशी, कर्जाचा. तिसरी तिने बँकेला दिलेली परवानगी, की दर महिन्याला माझ्या खात्यातून एवढी रक्कम आपोआप काढा. कधी कधी चौथाही असतो, फोनच्या विम्याचा नाहीतर सिनेमे दाखवणाऱ्या एखाद्या वर्गणीचा. खोकं परत गेलं म्हणजे पहिला करार मोडला. विकणाऱ्याने वित्त कंपनीला कळवलं तर दुसराही मिटतो. पुष्कळदा तसं होतं. पण कळवायचं राहिलं, उशीर झाला, की भुर्दंड बाईला.

म्हणून वस्तू परत केली की त्याच दिवशी दोन्हीकडे लेखी कळवायचं. वस्तू परत घेतल्याची पावती, तारीख आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. वित्त कंपनीकडून ‘कर्ज खातं बंद, काही येणं नाही’ असं पत्र मागून घ्यायचं. काहीजणी वैतागून खातं रिकामं करतात, म्हणजे हप्ता जाणारच नाही. तसं करू नका. हप्ता परतला की बँक दंड लावते, कंपनी दंड लावते, आणि कर्ज थकवल्याची नोंद तुमच्या नावावर होते. उद्या शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला गेलात की ती नोंद आडवी येते. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत ती दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागेल, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे.

आणखी दोन गोष्टी रिझर्व्ह बँकेने सांगितल्या आहेत, त्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. मोबाईलवरून घेतलेल्या कर्जाला माघारीची मुदत द्यावी लागते, निदान एक दिवस. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून कर्ज मोडता येतं, दंड लावता येत नाही. आधी लिहून सांगितलं असेल तर प्रक्रिया शुल्क मात्र ते ठेवून घेऊ शकतात. दुसरं, १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा सगळा खर्च मांडलेला एक कागद कर्जदाराला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो. म्हणजे मराठी मागायचा आपल्याला हक्क आहे. त्या कागदावर न लिहिलेलं शुल्क तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. मागा तो कागद. इंग्रजी येत नाही यात शरमेचं काही नाही.

आता युरोपात आणि इंग्लंडात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू आणि सेवा चौदा दिवसांत, कारण न सांगता नाकारता येतात. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. मनाला आलं नाही म्हणून परत करायचं असेल तर विकणाऱ्याने जी मुदत लिहिली असेल तीच. पण वस्तू सदोष असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा जो आकार सोसत नाही, तसा आकार ती तुमच्यावर लादू शकत नाही. तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं आणि महिन्यात ती निकालात काढायची असते. आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुमची संमती नव्हे, हेही त्याच नियमांत आहे. घ्यायला एक बटण आणि सोडायला दहा पायऱ्या, अशा फसव्या रचनांवर ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा तेरा युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत.

सिमचं थोडक्यात सांगते. आपल्यापैकी बहुतेकींचं प्रीपेड असतं, त्याला मोडायचा करार असा नसतो. न मागता चिकटलेली गाणी, जोतिष वगैरे काढायला १५५२२३ हा नंबर आहे. कंपनी बदलायची तर १९०० वर ‘पोर्ट’ लिहून पुढे आपला नंबर टाकायचा. पोस्टपेड असेल तर थकबाकी आधी भरावी लागते. रागाच्या भरात नंबरच बंद करू नका. बँक, आधार, सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो.

मला खरं बोलायचंय ते नावाबद्दल. फोन कोणाच्या नावावर आहे? नवऱ्याच्या. सिम? दिराच्या. ऑर्डर केली ती पुतण्याच्या खात्यातून. हप्ता जातो बाईच्या खात्यातून! मग तक्रार करायला गेलं की पलीकडून विचारतात, ज्यांच्या नावावर आहे त्यांना द्या. ते साहेब म्हणतात, जाऊ दे, हजार रुपयांसाठी कुठे भांडत बसतेस. शेताचा सातबारा, घराचा उतारा, गॅसची टाकी, सगळीकडे हेच झालं, तेच आता फोनमध्ये होतंय. पण कायद्याने ग्राहक कोणाला म्हटलंय ते ऐका. विकत घेणारा तर ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीसुद्धा ग्राहक आहे. सेवेचंही तसंच. म्हणजे नवऱ्याच्या नावचा फोन तुम्ही वापरता, तर तक्रार करायला तुम्ही पुरेशा आहात. सही तुमची चालते.

उलटही होतं. बाईच्या आधारवर दुसऱ्याच कोणी सिम घेतलेलं असतं. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं.

दाद कुठे मागायची? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. कर्जाची तक्रार आधी वित्त कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८. सिमची तक्रार कंपनीच्या १९८ नंबरवर, क्रमांक घेऊन. तिथे न्याय मिळाला नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, फुकट.

आणि ग्राहक आयोग आहेच. फोनच्या सेवेचे खटले ग्राहक मंचात चालणार नाहीत, असा २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्या पुढे करत. अहमदाबादच्या एका ग्राहकाला चोवीस हजारांवर बिल आलं. त्याचं महिन्याचं भाडं अडीचशेच्या आत होतं. तो मंचात गेला, कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १६ फेब्रुवारी २०२२ ला निकाल लागला की ग्राहक मंचाला हा अधिकार आहे. व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजयकुमार अगरवाल, हे नाव वहीत उतरवून ठेवा. अजून कोणी जुना निकाल दाखवला तर हा दाखवा.

कंपनीचं ऑफिस बंगलोरला असो की गुडगावला, २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासूनच्या ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून तक्रार इथूनच भरता येते, सुनावणी व्हिडिओवर मागता येते. वकील लागतोच असं नाही.

एक खोट मात्र सांगायलाच हवी. अवाच्या सवा दंड लावणारा, मुदतीआधी कर्ज फेडू न देणारा करार कायद्याने ‘अन्याय्य करार’ मानला. पण असा करार रद्द करायचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलाच नाही, राज्य आयोगाला दिला. म्हणजे बारा हजारांच्या फोनसाठी संभाजीनगरच्या खंडपीठाचे किंवा मुंबईचे दरवाजे ठोठवायचे. कायदा करणाऱ्यांनी हप्त्यावर फोन घेणारी बाई डोळ्यांपुढे आणली नव्हती, असं माझं मत आहे. ही तरतूद बदलून घ्यायची मागणी महिला संघटनांनी लावून धरली पाहिजे. तोवर दंडाची तक्रार सेवेतली त्रुटी, अनुचित प्रथा म्हणून जिल्ह्यात मांडता येते का ते पाहायचं.

तुमच्या गटाच्या वहीत बचतीचा हिशोब असतो. त्याच वहीत मागच्या बाजूने एक पान घाला. कोणी काय ऑनलाइन घेतलं, कोणाच्या नावावर, हप्ता कोणत्या खात्यातून, कधी परत केलं, तक्रार क्रमांक काय. एकाच कंपनीविरुद्ध एकाच कारणाच्या चार तक्रारी निघाल्या तर आयोगाच्या परवानगीने एकत्र दाखल करता येतात. एकटीला ‘जाऊ दे’ म्हणणं सोपं असतं. चौघींना म्हणून बघा.

आता तुम्ही विचारा. ज्यांच्या खात्यातून हप्ते जातायत त्यांनी पासबुकं आणली असतील तर पुढे या.